लेकीच्या लग्नाआधी घेतलेले बोटॉक्स : सांगलीतल्या एका त्वचा-दवाखान्याचा अनुभव

चेहऱ्यावरच्या रेषा घालवणारे बोटॉक्सचे इंजेक्शन घ्यायचे म्हणून दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहण्याआधी टेबलावरची दिनदर्शिका स्वतःकडे ओढली आणि विचारले, “कार्य कधी आहे?” लेकीचे लग्न 7 डिसेंबरला ठरले असल्याचे मी सांगितले. त्यांनी त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला, पाने उलटी चाळत नोव्हेंबरच्या 8 तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “शेवटची सुई इथे. त्याच्या पुढे एकही नाही.” तो जुलै महिना होता. विश्रामबाग भागातल्या या दवाखान्याबद्दल सविस्तर लिहावे असे मला वाटले, ते मुख्यतः या एका प्रश्नामुळे. दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि त्याचे फळ मी सहा आठवडे चेहऱ्यावर वागवले.

ती हकिकत आधी सांगते, कारण तिच्याशिवाय या दवाखान्याचे महत्त्व कळणार नाही. भाच्याच्या लग्नाला पाच दिवस उरले असताना, दुसऱ्या एका शहरातल्या सौंदर्यसेवा देणाऱ्या एका ठिकाणी मी सवलतीची जाहिरात पाहून गेले होते. भाव ‘एका भागाला इतके’ असा होता. किती युनिट (या औषधाची मात्रा मोजण्याचे माप) औषध टोचले जाणार, ते कोणत्या कंपनीचे आहे आणि टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे की नाही, यांपैकी काहीही मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. सुया टोचून झाल्यावर त्याच बैठकीत, पॅकेजमध्ये आहे म्हणून, कपाळाला आणि डोळ्यांभोवती भरपूर मसाज करून फेशियलही उरकण्यात आले. चौथ्या दिवशी सकाळी काजळ घालताना माझ्या लक्षात आले की डावी पापणी उजवीइतकी उघडत नाही. लग्नाच्या दिवशी ती आणखी खाली आली होती. फोटोंत माझा डावा डोळा अर्धवट मिटलेला दिसतो आणि भेटेल तो नातेवाईक झोप झाली नाही का, बरे नाही का, असे विचारत होता. त्या ठिकाणी फोन केला तेव्हा “होते कधी कधी असे, जाईल आपोआप” एवढेच उत्तर मिळाले. पापणी पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले. विश्रामबागेतल्या डॉक्टरबाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कोणालाही दोष न देता समजावून दिले की भुवईजवळची सुई थोडी खाली किंवा आत गेली, अथवा औषध पसरले, तर पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत ते पोहोचू शकते. हा दोष सहसा पहिल्या दहा दिवसांत उघड होतो आणि काही आठवड्यांत उतरतो. डोळ्यात घालण्याचे काही थेंब पापणीला एक-दोन मिलिमीटर उचलून धरतात, पण औषधाचा अंमल कमी होईपर्यंत पूर्ण इलाज असा नसतो. म्हणजे चूक कोणाचीही असो, माझ्या हाती पाचच दिवस होते आणि पाच दिवसांत ती निस्तरणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नव्हते.

आता या दवाखान्याविषयी. पहिल्या भेटीत एकही सुई टोचली गेली नाही. पाऊण तास फक्त बोलणे, तपासणे आणि फोटो काढणे एवढेच झाले. चेहरा शांत ठेवून, भुवया उंचावून, मनापासून हसून आणि कपाळाला आठ्या घालून असे चार प्रकारचे फोटो त्यांनी घेतले. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर “वर्गावर रागावता तशा रागवा” असे त्या म्हणाल्या आणि भुवयांच्या मधोमध ज्या दोन उभ्या रेषा उमटल्या, त्या त्यांनी मला आरशात दाखवल्या. मग चेहरा सैल सोडायला सांगून त्यांनी पुन्हा आरसा धरला. रागावल्यावर उठणारी आणि चेहरा सैल सोडताच पुसली जाणारी रेष या औषधाने चांगली जाते. चेहरा शांत असतानाही जी कोरलेली राहते, ती काहीशी मऊ होते, पूर्ण जातेच असे नाही. माझ्या कपाळावरची एक आडवी रेष दुसऱ्या प्रकारची होती आणि “ती राहील, तिच्यासाठी पैसे घालवू नका” असे त्यांनी पैसे घेण्याआधीच सांगितले. ग्राहकाशी असे बोलणारा व्यावसायिक मला फार मोलाचा वाटतो.

चौकशीही नीट झाली. स्नायू दुर्बल करणारा एखादा आजार आहे का, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे चालू आहे का, चेहऱ्यावर कुठे पुरळ वा संसर्ग आहे का, अलीकडे कोणती अँटिबायोटिक्स घेतली, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे सर्व त्यांनी विचारले. मला फक्त रक्तदाबाची गोळी आहे. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका काकूंना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू होती. ती आपल्या मनाने बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि काळेनिळे डाग जास्त पडतील हे धरून चला, असे त्यांनाही स्पष्ट सांगण्यात आले. हे बोलणे मला ऐकू आले, ही मात्र या दवाखान्याची उणीव आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

तारखेचा हिशेब त्यांनी ज्या रीतीने समजावला, तो मी येथे जरा विस्ताराने देते, कारण या सेवेचे सगळे यश त्यावर अवलंबून आहे. हे औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूपासून मिळणारे विष, अत्यंत सूक्ष्म मात्रेत वापरलेले. (आमच्या घरात “विष टोचून घेणार आहेस का?” असा प्रश्न आला होता, शब्द बरोबर होता, मात्रेची कल्पना नव्हती. तिरळेपणावर आणि पापण्यांच्या आचक्यांवर अमेरिकेत या औषधाला 1989 मध्ये मान्यता मिळाली आणि भुवयांमधल्या रेषांसाठी 2002 मध्ये, एवढे सांगितल्यावर घरातले शांत झाले.) मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते, तेव्हा स्नायू आकसतो. हे औषध मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि ते रसायन बाहेर टाकण्यासाठी लागणारे एक प्रथिन कापते. हे काम टोचल्या क्षणी होत नाही. म्हणूनच पहिले दोन-तीन दिवस काहीच फरक दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आठी घालायचा प्रयत्न अपुरा पडू लागतो आणि पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांनी दिसतो. मग मज्जातंतू हळूहळू पूर्ववत होतात आणि तीन ते चार महिन्यांत रेषा परततात.

यावरून गणित असे निघते. टोचल्यापासून दोन आठवडे परिणाम पूर्ण व्हायला लागतात आणि त्याच्या आधी कमी-जास्त झाले आहे की नाही हे सांगताच येत नाही. चौदाव्या दिवशी तपासून कुठे थोडे औषध वाढवावे लागले, तर त्या वाढवलेल्या औषधालाही पुन्हा तेवढाच वेळ द्यावा लागतो. म्हणजे कार्याच्या आधी चार आठवडे हवेतच. सुईचा एखादा काळानिळा डाग उमटला तर तो जायला आठ-दहा दिवस लागतात, तेही याच चार आठवड्यांत बसतात. आता कोणी म्हणेल की मग चार महिने आधीच घेऊन मोकळे व्हावे. पण तसे केले तर ऐन लग्नात परिणाम उतरणीला लागलेला असतो. आणि जी बाई आयुष्यात पहिल्यांदा घेत आहे, तिच्या स्नायूंना किती मात्रा पुरते हे कोणालाच आधी ठाऊक नसते. म्हणून तिने कार्याच्या बऱ्याच आधी एकदा घेऊन पाहावे, ते उतरू द्यावे आणि त्या अनुभवावरून मात्रा ठरवून चार आठवडे आधी दुसऱ्यांदा घ्यावे. दोन वेळांमध्ये बारा आठवड्यांपेक्षा कमी अंतर त्या ठेवत नाहीत. वरचेवर दिल्याने शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढे त्याचा उपयोगच होईनासा होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. माझा एक अनुभव आधीचा होता, पण त्यात मात्राच ठाऊक नसल्याने तो त्यांनी हिशेबात धरला नाही. त्यामुळे 20 जुलैला पहिली वेळ, 3 ऑगस्टला तपासणी, 8 नोव्हेंबरला दुसरी वेळ आणि 22 नोव्हेंबरला शेवटची तपासणी, असे चार दिवस एका कागदावर लिहून त्यांनी माझ्या हातात दिले. तो कागद आमच्या फ्रीजवर लग्नाच्या याद्यांशेजारी पाच महिने चिकटवलेला होता.

20 जुलैला मी सकाळी अकराला गेले. औषधाचा खोका माझ्यासमोर उघडण्यात आला आणि त्यावरचे कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख मला वाचायला दिली. आतली बाटली बोटाच्या दोन पेरांएवढी होती आणि रिकामीच वाटत होती. तिरकी धरल्यावर तळाशी पांढुरक्या साईसारखा पातळ थर दिसला. शंभर युनिट म्हणतात ते एवढेच. डॉक्टरबाईंनी सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई बुचातून आत घातली आणि दट्ट्या न दाबताच सलाइन आपोआप आत ओढले गेले. बाटलीत निर्वात पोकळी असते, सलाइन असे ओढले गेले नाही तर ती बाटली आम्ही वापरत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाटली न हलवता बोटांत अलगद फिरवली. पांढऱ्या पेन्सिलीने चेहऱ्यावर खुणा करून, इन्सुलिनच्या सुईइतक्या बारीक सुईने त्यांनी भुवयांच्या मध्ये पाच ठिकाणी मिळून 20 युनिट, कपाळावर 10 आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेला सहा-सहा असे एकूण 42 युनिट टोचले. मुंगी चावल्याइतपत दुखले. डोळ्यांच्या कडेला थोडे अधिक. दहा मिनिटांत काम झाले.

नंतरच्या सूचना छापील आणि मराठीत होत्या. चार तास आडवे व्हायचे नाही, म्हणजे त्या दिवशी दुपारची वामकुक्षी नाही. वाकून फरशी पुसणे नाही. चेहरा चोळायचा नाही. त्या दिवशी व्यायाम, योगासने आणि वाफ घेणे बंद. फेशियल व मसाज पुढच्या तपासणीपर्यंत नाही. भुवया कोरायच्या असतील तर सुईच्या आधी कोरून यायचे. घट्ट हेल्मेट कपाळावर दाबते म्हणून स्कूटरवर येऊ नका, असेही त्यांनी आदल्या दिवशी फोन करून कळवले होते, त्यामुळे मी रिक्षाने गेले. दोन वर्षांपूर्वी त्याच बैठकीत झालेला तो जोरकस मसाज आठवून त्या कागदावरची ‘चोळू नये’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

उजव्या डोळ्याच्या कडेला मसुराएवढा जांभळा डाग पडला, पाचव्या दिवशी तो पिवळसर झाला आणि नवव्या दिवशी गेला. पहिल्या आठवड्यात कपाळ जड वाटले, जणू ओला रुमाल ठेवला आहे. दहाव्या दिवशी एक गोष्ट खटकली : डाव्या भुवईचे बाहेरचे टोक उजव्यापेक्षा वर चढले होते. आमची सांगली नाट्यपंढरी, त्यामुळे शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला संगीत नाटकातल्या कपटी पात्राची उपमा लगेच दिली. 3 ऑगस्टच्या तपासणीत डॉक्टरबाईंना ते सांगावे लागले नाही. मी दारातून आत येतानाच त्यांच्या लक्षात आले. मधला भाग सैल झाला आणि कडेचा स्नायू मोकळा राहिला की तो भुवई ओढतो, असे सांगून त्यांनी तिथे दोनच युनिट टोचले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आठवड्याभरात दोन्ही भुवया एका रेषेत आल्या. हे लग्नाच्या आठवड्यात घडले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ केला.

ऑक्टोबरअखेर आठ्या परत दिसू लागल्या. 8 नोव्हेंबरला जाण्याआधी डॉक्टरबाईंनी जुलैचे टिपण काढले होते. कपाळाचे 10 युनिट त्यांनी यावेळी वेगळ्या रीतीने वाटले : मधले कमी केले आणि दोन्ही कडांना थोडे दिले. मी त्यांना एक विनंती केली होती की माझा चेहरा गुळगुळीत नको, हलता हवा; लेकीची पाठवणी करताना आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटू नये, हे मला चालले नसते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणूनच कपाळावर जास्त देत नाही, असे सांगितले. 22 नोव्हेंबरच्या तपासणीत काहीही वाढवावे लागले नाही. त्यामुळे उरलेले पंधरा दिवस मी हा विषय डोक्यातून काढून केळवणे, रुखवत आणि आहेराच्या याद्यांकडे लक्ष देऊ शकले.

सांगलीत हळदीचा विषय टाळता येत नाही. हळदीच्या दिवशी चेहरा चोळला जाणारच, आणि सांगलीच्या बाजारातली हळद दारात असताना हात आखडता कोण घेणार! मी हे आधीच विचारले होते. टोचल्यावर पहिल्या दिवशी चोळणे धोक्याचे. चार आठवड्यांनी औषध कधीच आपल्या जागी बसलेले असते आणि हळदीने काही बिघडत नाही. 6 डिसेंबरला नणंदेने आणि जावेने माझ्याही गालाकपाळाला मनसोक्त हळद फासली.

लग्नाचे फोटो आले आहेत. त्यांत मी मला दिसते तशीच आहे, दोन महिने नीट झोप झाली असावी अशी. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “लेक गेली तरी तू टवटवीत दिसतेस गं!” पाठवणीच्या फोटोत मी रडते आहे, ओठ मुडपले आहेत आणि कपाळावर ती जुनी एक रेष पुसट उमटली आहे. तिच्यासाठी पैसे घालवू नका असे ज्या रेषेबद्दल सांगितले होते, तीच ती.

आता खर्च आणि उणिवा. या दवाखान्यात युनिटप्रमाणे पैसे घेतात. मला 350 रुपये युनिट असा दर लागला. दोन वेळांचे 29,400 आणि पहिल्या भेटीचे 500 मिळून 29,900 रुपये झाले. ही रक्कम लहान नाही. आमच्याकडे ती माझ्या पैठणीपेक्षा जास्त झाली आणि मी पैठणी साधी घेतली. दर ताडून पाहताना एक काळजी घ्यावी. वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिट सारखे नसतात. भुवयांमधल्या रेषांना बोटॉक्सचे 20 युनिट लागतात, तिथे डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाचे 50 लागतात. त्यामुळे ‘युनिट निम्म्या भावात’ हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये; कोणते औषध आणि एकूण किती, हे दोन्ही विचारावे.

उणिवांत पहिली म्हणजे प्रतीक्षा. वेळ ठरवून गेले तरी दोनदा मला पाऊण तास बसावे लागले आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेल्या माणसाला हा वेळ फार असतो. दुसरी अधिक गंभीर आहे. तपासणीची खोली आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये पातळ फळीचा पडदा आहे आणि बोललेले सगळे बाहेर ऐकू येते. सांगलीसारख्या गावात बाकावर बसलेल्या चार बायकांपैकी दोघी ओळखीच्या निघतात. त्वचेच्या डॉक्टरकडे माणसे सौंदर्यासाठीच येतात असेही नाही. कोड, केस गळणे, संसर्ग अशी सांगायला अवघड दुखणी घेऊन लोक येतात आणि त्यांच्या बोलण्याला आडोसा मिळायलाच हवा. मी हे डॉक्टरबाईंना लेखी कळवले आहे. मार्चमध्ये गेले तेव्हा दरवाजाचे माप घेतले जात होते. गाडी लावायला जागा नाही, हे विश्रामबागेत राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही.

जानेवारीत आमच्या विहीणबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. वाण घेताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतले आणि दवाखान्याचा पत्ता विचारला. त्यांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज नऊ दिवसांवर आली होती आणि याआधी त्यांनी हे कधी घेतलेले नव्हते. मी त्यांना माझ्या पापणीची गोष्ट सांगितली, तरी त्यांचा उत्साह पाहून नंबर दिला. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. दवाखान्यातून त्यांना पहिलाच प्रश्न आला होता, “कार्य कधी आहे?” आणि तारीख ऐकताच सांगण्यात आले होते की नऊ दिवस उरले असताना पहिल्यांदा सुई देणार नाही, मुंज उरकून निवांत या. त्यांनी फेब्रुवारीची वेळ घेतली.